कवळीवालीची पत

सगळे तिला कवळीवाली म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षं ती दातांच्या एका लॅबमध्ये कवळ्या करत होती. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे. त्यांत ती प्लास्टर ओतायची, साचा सुटला की त्यावर गुलाबी मेण चढवायची आणि मेणात एकेक दात बसवायची. समोरच्या सहा दातांवर कधीकधी तिचा अर्धा दिवस जाई. अगदी ओळीत बसवलेले दात खोटे दिसतात, म्हणून एखादा ती मुद्दाम किंचित तिरका करायची. तिने केलेले दात घालून हसणारी, जेवणारी, भांडणारी माणसं गावभर होती, पण त्यांतल्या एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं.

पैशाच्या बाबतीत ती नाकासमोर चालणारी. वडील गेले ते दुकानादुकानांत उधारी ठेवून, आणि पुढची तीन वर्षं दारावर येणाऱ्या माणसांना आई काय काय सांगत असे ते तिने दाराआडून ऐकलं होतं. आईही गेली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ आठ वर्षांचा. त्या वर्षी तिने मनाशी ठरवून टाकलं की कुणाचं एक पैशाचं देणं डोक्यावर ठेवायचं नाही. फ्रिजसाठी तिने तीन वर्षं पैसे साठवले. भाऊ मोठा झाला, लिफ्ट दुरुस्त करायचं काम शिकला, मिळवायला लागला, आणि तिची चेष्टा करू लागला. म्हणायचा, "ताई, तू श्वाससुद्धा रोखीनं घेतेस."

लॅबचे मालक सत्तरीला टेकले तेव्हा त्यांनी मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. यंत्रं, दवाखान्यांची यादी आणि जागेचा भाडेकरार असं सगळं एकत्र विकायचं होतं. बाहेर बोलण्याआधी त्यांनी तिला विचारलं.  तिसऱ्या दिवशी तिने हिशेब केला. अर्धी रक्कम तिच्याकडे होती आणि अर्धी उभी करायची होती. आयुष्यात पहिल्यांदा कर्ज काढायचं, म्हणून तिने हिशेबाचा कागद घडी घालून ठेवून दिला. भावाने समजूत घातली, सगळे कागद लावून दिले, झेरॉक्स काढल्या, आणि पारदर्शक फाइल तिच्या हातात देऊन म्हणाला की तुला कर्ज देणार नाहीत तर कुणाला देणार.

बँकेतल्या बाईंना सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावूनच त्यांनी फाइल चाळली, तिचा पगार विचारला, बचतीचं पासबुक बघून मान हलवली आणि संगणकावर काही आकडे टाकले. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि एकदा तिच्याकडे.

"आधीची कर्जं तुम्ही अर्जात लिहिली नाहीत," त्या म्हणाल्या.

आधीचं कर्जच नाही, असं तिने सांगितलं. बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. चार ओळी होत्या. एक दुचाकीचं कर्ज, हप्त्यांवर घेतलेले दोन मोबाइल आणि एक व्यक्तिगत कर्ज. दोन कर्जांचे हप्ते एकोणीस महिने थकलेले, आणि व्यक्तिगत कर्जापुढे तर कंपनीनं ते बुडीत धरल्याची नोंद. वर एका चौकटीत लाल आकडा होता, पाचशे अकरा. बाईंनी समजावलं की हा पत मोजायचा आकडा आहे, तो साडेसातशेच्या वर असला तर बँक पुढे बोलते.

हे माझं नाही, असं ती म्हणाली. आवाज आपला आहे की दुसऱ्या कुणाचा, हेही तिला कळेना. बाईंनी शांतपणे बोट ठेवून दाखवलं. नाव तिचंच. जन्मतारीख तिचीच. ओळखपत्राचा नंबरही तिचाच. रोज दुसऱ्यांचे दात बसवणाऱ्या कवळीवालीची स्वतःची दातखीळ बसली. बाईंनी नऊ पानांचा अहवाल छापून दिला, चुकीचा असेल तर ज्या संस्थेनं तो केला तिच्याकडे तक्रार करा म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बसथांब्याच्या बाकावर बसून तिने ती नऊ पानं वाचली. तीन बस आल्या आणि गेल्या. दुचाकीच्या तारखेपाशी येऊन ती थांबली. पाच वर्षांपूर्वीचा मार्च. त्याच मार्चमध्ये भावाने दुचाकी आणली होती. कामावरच्या एकाची जुनी, रोख पैसे देऊन घेतली, असं त्याने सांगितलं होतं. तिचे सगळे कागद कुणाकडे असतात? त्याच्याकडे. तिच्या नावाचे अर्ज कोण भरतं? तोच. आणि सोळाव्या वर्षी स्वयंपाकघरातल्या डब्यातून पैसे काढून महिनाभर तोंड वर करून खोटं कोण बोललं होतं? काळजात चर्र झालं ते तिथे, बँकेत नव्हे.

भाऊ संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं होतं. तिने पानं टेबलावर ठेवली आणि विचारलं की दुचाकी कुणाच्या नावावर घेतलीस. त्याने हात पुसले, उभ्याउभ्या वाचलं, आणि तो हसला. संगणकाचा काहीतरी घोळ आहे, उद्या जाऊन बघू, असं काहीसं म्हणाला. ते हसणं तिला सहन झालं नाही.

"डब्यातले पैसे घेतलेस तेव्हाही असाच हसला होतास," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. आत जाऊन त्याने गाडीचे कागद आणले आणि तिच्यापुढे ठेवले. विकणाऱ्याचं नाव, त्याची सही, रोख मिळाल्याची पावती, सगळं त्यात होतं. तिने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. कागद काय, कुणीही करतं, असं म्हणाली.  मग त्याने बॅग भरली, कपाटातली तिच्या कागदांची फाइल काढून टेबलाच्या कडेला नीट ठेवली आणि तो आपल्या फोरमनकडे राहायला गेला. जाताना दार आपटलंसुद्धा नाही.

त्या आठवड्यात तिच्या हातून एक कवळी चुकली. डाव्या बाजूच्या दाढा तिने उजवीकडे बसवल्या. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालकांनी ती कवळी उचलली, फिरवून पाहिली आणि दार लावून घेऊन तिला खुर्चीवर बसवलं. तिने भावाचं सोडून बाकी सगळं सांगितलं. भावाचं तोंडातून निघेना. त्यांनी सल्ला दिला की आधी तक्रार नोंदव, ही कर्जं माझी नाहीत असं लेखी दे, पोच घे आणि प्रत्येक कागदाची प्रत जपून ठेव. तिने तसं केलं. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, ते एका ओळीचं. कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे, सबब नोंदीत बदल नाही.

ती ओळ वाचून तिला तोंडात मारल्यासारखं झालं. चोराला विचारून चोरी झाली नाही असं ठरवावं, तसा तो प्रकार. पुढच्याच आठवड्यात लॅबमध्ये फोन आला. बुडीत गेलेल्या पैशांच्या वसुलीचा माणूस बोलत होता आणि त्याची भाषा अशी होती की शेजारी पॉलिश करणाऱ्याने मोटार बंद केली. तिने ऐकून घेतलं. मग कागद घेऊन कंपनीच्या शाखेचा पत्ता त्याच्याकडूनच उतरवून घेतला.

शाखा फरशांच्या दुकानाच्या माडीवर होती. तिथला कारकून चहा पीत होता. मूळ अर्ज दाखवा, म्हणून ती त्याच्या खनपटीलाच बसली. प्रत देता येणार नाही, नियम नाही, साहेब जेवायला गेलेत, असं सगळं सांगून झालं. ती जागची हलली नाही. पाऊण तासाने त्याने कपाटातून जाड फाइल काढली, अर्ज उघडला आणि वैतागून म्हणाला, "हे बघा. तुमचाच फोटो, तुमचीच सही."

फोटोत दुसरीच बाई होती.

रुंद चेहऱ्याची, उन्हाकडे बघितल्यासारखे डोळे बारीक केलेली, एका बाजूचा सुळा पुढे आलेली. कवळीवालीने आयुष्यात तिला कधी पाहिलं नव्हतं. तिने कारकुनाकडे पाहिलं. त्याने फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.  अर्जावर नाव तेच होतं, वडिलांचं नावही तेच, जन्मतारीख तीच. ओळखपत्राचा नंबर मात्र हाताने लिहिलेला होता आणि त्यात मधे एक तीन होता. तिच्या नंबरात त्या जागी आठ होता. कुणीतरी संगणकावर चढवताना तीनचा आठ केला होता, आणि तेवढ्यावर दोन बायकांची एक बाई झाली होती. कारकुनाने फाइल मिटायच्या आत तिने उलट्या बाजूने पत्ता वाचून घेतला. साचे उलटसुलट वाचणं हेच तर तिचं काम.

खाली जिन्यात उतरली आणि अर्ध्यातच थांबली. एक दुसरीच बाई. म्हणजे तो नाही. म्हणजे त्याने आणलेले कागद खरे होते. तिने कठडा धरून भावाला फोन लावला. तो कुठल्यातरी इमारतीत, लिफ्टच्या पोकळीत होता. आवाज घुमत होता.

"फोटो दुसऱ्याच बाईचा आहे," ती म्हणाली.

 बरं झालं, एवढंच तो म्हणाला. तिने पुढे बोलायला तोंड उघडलं, तर खाली माणसं खोळंबली आहेत, नंतर बोलतो, असं सांगून त्याने फोन ठेवला. नंतर त्याचा फोन आला नाही.

रविवारी ती त्या पत्त्यावर गेली. ती बाई घर सोडून गेली होती; ही वसुलीची नाही हे पटल्यावर शेजारणीने नवी जागा सांगितली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कपडे धुण्याच्या दुकानामागे एक खोली होती. जाताना तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. काय काय बोलायचं ते तिने बसमध्ये घोकून ठेवलं होतं. दार बोटभर उघडलं आणि फटीतून तो फोटोतला चेहरा दिसला, फक्त पाच वर्षांनी जास्त थकलेला. तिने नाव घेऊन विचारलं, तुम्हीच का. बाईने हो म्हणायच्या आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"वसुलीच्या आहात का?"

"नाही. माझंही नाव तेच आहे," कवळीवाली म्हणाली आणि ओळखपत्र पुढे केलं.

बाईने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग जन्मतारखेवर बोट ठेवून तिने ओठांतल्या ओठांत आकडे म्हटले आणि इस्त्रीसाठी रचलेल्या चादरींच्या ढिगावर मटकन बसली. वडिलांचं नावसुद्धा, असं ती स्वतःशीच दोनदा म्हणाली. घोकून आणलेलं सगळं कवळीवाली विसरली.

त्या बाईचा नवरा सामान पोचवायचं काम करत असे. त्यासाठी गाडी घेतली, आणि गाडी घेतली म्हणून मोबाइल घेतले. तीन वर्षं हप्ते वेळेवर गेले. मग तो घसरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यासाठी आणखी कर्ज काढलं. गाडी विकली, पण पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. हप्ते थांबले तेव्हापासून तिने दोनदा फोन नंबर बदलला होता आणि घर एकदा. नंबर बदलूनही इतके महिने पाठ न सोडणारे फोन एकाएकी का कमी झाले, याचं तिला नवल वाटत होतं. ते आता कुणाकडे जात होते, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

मग कवळीवालीने कशासाठी आले ते सांगितलं. ही कर्जं माझी आहेत, त्या दुसऱ्या बाईची नाहीत, असं लिहून हवं होतं, ओळखपत्राच्या प्रतीसह.

"पत्ता लिहावा लागेल?" बाईने विचारलं.

"लागेल."

"म्हणजे ते इथे येतील."

येतील, असं कवळीवालीने सांगितलं. खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं होतं, पण जिभेवर आलं नाही. बाईने इस्त्रीचं बटण बंद केलं.  मग तिने विचारलं की माझ्या कर्जाने तुमचं काय काय अडलं. लॅबचं सांगून झालं आणि पाठोपाठ, कुणालाच न सांगितलेलं, भावाचं बोलणंही बाहेर पडलं. कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही, हेही. 

शेवटी ती म्हणाली, "लिहा तुम्ही. मला नीट लिहिता येत नाही, मी सही करते."

कवळीवालीने वही मांडीवर घेतली आणि लिहायला लागली. मी, आणि पुढे नाव. स्वतःचं नाव. स्वतःच्या अक्षरात, मी खालील चार कर्जे घेतली असून ती फेडू शकले नाही. ते वाचून तिने पान फाडलं आणि दुसऱ्या पानावर पुन्हा लिहिलं. त्या बाईने सही केली, पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला, आणि पाणी हवं का विचारलं. जिच्यावर कुणी कंपनीवाला एका मोबाइलपुरताही विश्वास ठेवणार नव्हता, तिने हे केलं. कवळीवाली बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली.

या वेळी तिने तक्रारीसोबत ते पत्र आणि दोन्ही ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या, नंबरातल्या तीन व आठभोवती लाल पेनाने गोल करून. एक्केचाळीस दिवसांनी नवा अहवाल आला. चारही ओळी गेल्या होत्या. ती तशीच बँकेत गेली. सर्दी बरी झालेल्या बाईंनी आकडे टाकले आणि पडदा वळवला. आकड्याच्या चौकटीत एक आडवी रेघ होती.

"तुमचा इतिहासच नाही," बाई म्हणाल्या.

कधी कुणाचं देणं केलं नाही म्हणून इतिहास नाही, मग ते चांगलंच की, असं तिने विचारलं. बाईंनी आवाज जरा खाली आणून सांगितलं की माणूस म्हणून चांगलंच, पण बँकेला तुम्ही अनोळखी. घेतलेलं तुम्ही परत करता की नाही, हे कुठे लिहिलेलंच नाही.  लाल आकड्यानेही तिला इतका धक्का बसला नव्हता. फ्रिजसाठीची ती तीन वर्षं, बसचे पैसे वाचवायला पायी केलेले रस्ते, भावाच्या फीसाठी घेतलेलं जादा काम, या सगळ्याची बेरीज एक आडवी रेघ.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. थोडी ठेव ठेवायची आणि तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्यायचं. दर महिन्याला त्यावर थोडीच खरेदी करायची, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच. बिल आलं की तारखेआधी पूर्ण भरायचं, किमान रकमेच्या फंदात पडायचं नाही. एकाच वेळी चार ठिकाणी कर्जाचे अर्ज करायचे नाहीत. अहवालाला कुलूप लावायची सोय असेल तर ते लावायचं, म्हणजे आपल्याला कळल्याशिवाय आपल्या नावावर कुणाला काही काढता येत नाही. आणि दर तीन-चार महिन्यांनी अहवाल स्वतः वाचायचा. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं, कशासाठी दिली ते आणि तारीख लिहायची, ही सवय तिने स्वतःच लावून घेतली.

कार्डावर तिने पहिली खरेदी केली ती प्लास्टरच्या एका पोत्याची. घरी येईपर्यंत तिला चैन पडेना, म्हणून त्याच दुपारी बँकेत जाऊन तिने पैसे भरून टाकले. बाईंना हसू आवरेना. अहो, आधी बिल तर येऊ द्या, नाहीतर तुम्ही घेतलं होतं हे कुणाला कळणार, असं त्या म्हणाल्या. मग कवळीवाली बिलाची वाट बघायला शिकली. ते पंधरा-वीस दिवस तिला दात दुखल्यासारखे वाटायचे.

मालकांनी चार महिने वाट पाहिली. त्याहून जास्त त्यांना जमलं नाही. लॅब दोन भागीदारांनी घेतली आणि तिला पगार वाढवून ठेवून घेतलं. ती त्याच बाकावर बसून दात बसवत राहिली. चौदा महिन्यांनी तिचा आकडा सातशे साठच्या पुढे गेला आणि बँकेने छोटं कर्ज मंजूर केलं. एका खोलीत तिने प्लास्टरचं कंपनयंत्र, प्रेस आणि पॉलिशची मोटार मांडली. पाच दवाखाने तिच्या मागे आले.

त्या दुसऱ्या बाईकडे वसुलीची माणसं गेली, ठरल्याप्रमाणे. कवळीवाली त्या दिवशी मुद्दाम तिथे जाऊन बसली होती. कमी पैशांत मिटवून टाका म्हणाले, तेव्हा तिनेच सांगितलं की तसं केलं तर ती नोंद वर्षानुवर्षं चिकटते, त्यापेक्षा जमेल तसे पण पूर्ण भरा आणि भरल्याचं पत्र घ्या. तशी तडजोड झाली. आता फोन आला की पलीकडून आवाज येतो, "मी बोलतेय, दुसरी."

भावाकडे ती फोरमनच्या घरी गेली होती, फोटो पाहिल्याच्या दहाव्या दिवशी. तो कामावरून बसने आला. गाडी कुठे, असं तिने विचारलं, तर घर सोडलं त्याच आठवड्यात ती विकली म्हणाला.  चूक झाली माझी, एवढं ती कशीबशी म्हणाली.

"तुला माझा संशय आला ते मी समजू शकतो," तो म्हणाला. "एवढे कागद बघून कुणालाही आला असता. पण मी आणलेले कागद तू उघडले नाहीस, ताई."

 तो परत घरी राहायला आला नाही. पुढे त्याने दोन गल्ल्या सोडून जागा घेतली. त्याच्या कर्जाला जामीन फोरमन राहिला, हे तिला फोरमनकडूनच कळलं. तिच्या खोलीत मोटारीची तार मात्र त्याने स्वतः ओढून दिली, भिंतीत खाच पाडून, रविवारचा पूर्ण दिवस घालवून. तेव्हापासून तो बऱ्याच रविवारी येतो. जेवतो, बाहेरच्या गमती सांगतो, कधी तिची चेष्टाही करतो. आपल्या कागदांबद्दल मात्र काही बोलत नाही आणि तिच्या कागदांना हात लावत नाही. ते तिचे तीच लावते.

दर चार महिन्यांनी ती अहवाल मागवते. आता त्यात दोनच ओळी असतात, एक कार्डाची आणि एक तिच्या कर्जाची.  तरी चष्मा लावून, खुर्ची ओढून ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचते, आणि आधी बघते तो मधला आठ.